अजिंठ्याचे ‘इराणी वकील’ आणि साम्राज्याचा एकरंगी नकाशा

१/
अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ मध्ये, दर्शनी भिंतीच्या आतल्या अंगाला एक दरबार रंगवलेला आहे. उच्चासनावर राजा, भोवती स्त्रिया व सेवक, आणि समोर टोकदार टोप्या घातलेले दाढीवाले परदेशी. त्यांतल्या एकाच्या हातात मोत्यांचा सर आहे. मागचे सोबती सुरई आणि तबक घेऊन येत आहेत. हे चित्र दाखवताना गेली सुमारे दीडशे वर्षे एक गोष्ट सांगितली जाते : हा चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी आणि हे इराणचा सम्राट दुसरा खुस्रो याचे वकील. ही गोष्ट आता निरोप द्यावा अशी आहे. तिच्या जागी जे हाती लागते ते तिच्याहून पुष्कळ मोठे आहे.

२/
गोष्टीचा उगम ठाऊक आहे. स्थापत्याचे इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्याच लेण्याच्या छतावर हातात पेला घेऊन बसलेला एक दाढीवाला, डौलदार परदेशी पुरुष आहे. फर्ग्युसन यांनी त्याला खुस्रो ठरवले आणि शेजारच्या स्त्रीला त्याची राणी शिरीन. मग भिंतीवरचा दरबार आपोआपच पुलकेशीचा झाला.

३/
या तर्काला आधार होता तो अरबी इतिहासकार तबरी (इ.स. ८३९–९२३) याच्या ग्रंथाचा. खुस्रोच्या कारकिर्दीच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स. ६२५–२६ च्या सुमारास, भारताच्या एका राजाकडून पत्रे आणि भेटी आल्याचे त्याने नोंदवले आहे. त्या राजाचे अरबी लिपीत विपर्यस्त झालेले नाव अभ्यासकांनी पुलकेशीशी जोडले. खुस्रोचा काळ इ.स. ५९०–६२८, पुलकेशीचा अंदाजे ६१०–६४२. काळ जुळला, चित्रही समोर होते.

४/
पण तबरीची नोंद नीट वाचली, तर तिच्यातला प्रवास उलट दिशेचा आहे. तिथे वकील भारतातून इराणी दरबारात गेले; अजिंठ्याच्या भिंतीवर ते परदेशातून भारतीय दरबारात येत आहेत. उत्तरादाखल आलेले शिष्टमंडळ म्हणावे, तर त्याची नोंद तबरीकडे नाही. म्हणजे पुरावा एका घटनेचा आणि चित्र दुसऱ्या, केवळ कल्पिलेल्या घटनेचे, अशी ही जोडणी होती.

५/
त्याहून मोठी अडचण कालगणनेची. लेणे क्रमांक १६ मधील शिलालेख वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा आहे. अजिंठ्यावर आयुष्यभर काम केलेले वॉल्टर स्पिंक यांनी लेणे क्रमांक १ हेही हरिषेणाच्याच कारकिर्दीत, म्हणजे इ.स. ४६० ते ४७७ च्या दरम्यान घडले, असे मांडले. नेमक्या वर्षांबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. परंतु हे लेणे वाकाटककालीन आहे, हे आज बहुतेकांना मान्य आहे. पुलकेशी गादीवर आला तो त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी.

६/
मग तो दरबार कोणाचा? जर्मन संशोधक डीटर श्लिंगलॉफ यांनी अजिंठ्याची चित्रे बौद्ध वाङ्मयाशी ताडून पाहिली आणि या प्रसंगात महासुदर्शन या चक्रवर्ती राजाची कथा ओळखली. अजिंठ्याच्या भिंती मुख्यतः जातके, अवदाने आणि बुद्धचरित्र सांगतात. चक्रवर्तीच्या चरणी दिशादिशांचे लोक भेटी आणतात, ही त्या कथेची गरज होती. ‘दिशादिशांचे लोक’ डोळ्यांना दिसावेत म्हणून चित्रकाराने त्यांना एक विशिष्ट पोशाख दिला. प्रश्न असा की, सह्याद्रीच्या या कुशीत, वाघूर नदीच्या वळणावर, तो पोशाख त्याला इतका नीट ठाऊक कसा होता?

७/
या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी ‘प्राचीन इराण’ म्हणजे कोणता प्रदेश, हे पाहिले पाहिजे. समाजमाध्यमांवर एक नकाशा वारंवार फिरतो : प्राचीन इराण्यांनी राज्य केलेले आजचे देश. इराण, इराक, तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन, इस्राएल, पॅलेस्टाइन, जॉर्डन, इजिप्त, सायप्रस, अर्मेनिया, अझरबैजान, तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान. शिवाय लिबिया, ग्रीस, बल्गेरिया आणि जॉर्जिया यांचे काही भाग. सगळे एका रंगात रंगवलेले. यादी ढोबळमानाने बरोबर आहे. दिशाभूल होते ती त्या एका रंगाने.

८/
ही यादी हखामनी साम्राज्याची आहे. इ.स.पू. ५५० च्या सुमारास कुरुष (सायरस) याने ते उभारले आणि दारयवहू पहिला (इ.स.पू. ५२२–४८६) याच्या काळात ते कळसाला पोचले. दारयवहूने बेहिस्तूनच्या कड्यावर आपल्या ताब्यातील २३ देशांची नावे कोरून घेतली. त्यांत गांधार आहे. त्याच्या नंतरच्या लेखांत ‘हिंदुश’ हे नावही येते. सिंधूचे हे इराणी उच्चारातले रूप. ‘हिंदू’ आणि ‘हिंद’ या शब्दांची वाट तिथून निघते. हा प्रांत सिंधूच्या खोऱ्यातला, म्हणजे मुख्यतः आजच्या पाकिस्तानातला. गोदावरी, तापी किंवा कृष्णा यांच्या खोऱ्यांवर हखामनींचे राज्य कधीच नव्हते.

९/
म्हणजे त्या एकरंगी नकाशात महाराष्ट्र कोरा राहतो, आणि तो तसाच राहायला हवा. पण राज्य नव्हते म्हणून संबंध नव्हता, असा निष्कर्ष काढला की नकाशा फसवू लागतो. कर, सैन्य आणि सुभेदार जिथवर पोचतात तिथवर नकाशाचा रंग पोचतो. शब्द, कापड, घोडे, रंगद्रव्ये आणि चित्रांच्या कल्पना यांना ती सीमा लागू होत नाही. महाराष्ट्रातल्या लेण्यांत याचे पुरावे एकापाठोपाठ एक सापडतात.

१०/
पहिला पुरावा एका शब्दाचा. दारयवहूच्या प्रांताधिकाऱ्याला जुन्या इराणीत ‘ख्शथ्रपावन’ म्हणत, म्हणजे राज्याचा राखणदार. हखामनी साम्राज्य इ.स.पू. ३३० मध्ये अलेक्झांडरपुढे कोसळले. ही पदवी मात्र उरली, शकांनी ती उचलली आणि भारतात आणली. नाशिक, कार्ले आणि जुन्नर येथील लेण्यांतल्या शिलालेखांत नहपान हा राजा ‘क्षत्रप’ म्हणून भेटतो. नाशिकच्या लेण्यातच गौतमीपुत्र सातकर्णीने शक, यवन आणि पल्हव यांचा पाडाव केल्याचे त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नमूद करून ठेवले आहे. पल्हव म्हणजे इराणी पार्थियन.

११/
नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या हजारो नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नाणे पुसले गेले, शब्द पुसला गेला नाही. आजही मराठी वर्तमानपत्रे एखाद्या प्रदेशावर पकड असलेल्या पुढाऱ्याला ‘प्रादेशिक क्षत्रप’ म्हणतात. ज्या साम्राज्याने महाराष्ट्राची एक वीतही जमीन जिंकली नाही, त्याच्या शासनव्यवस्थेतला एक शब्द निवडणुकीच्या बातम्यांत असा सहज वावरतो.

१२/
दुसरा पुरावा रंगाचा. अजिंठ्याचे बहुतेक रंग स्थानिक मातीचे आणि दगडाचे : गेरू, पिवडी, हिरवी माती, पांढरा चुना, काजळ. गडद निळा मात्र वेगळा. तो लाजवर्द या दगडाच्या पुडीचा आहे. संस्कृतात त्याला राजावर्त म्हणतात. प्राचीन जगाला हा दगड पुरवणाऱ्या प्रसिद्ध खाणी बदख्शानमध्ये, कोक्चा नदीच्या खोऱ्यातल्या सर-ए-संग येथे आहेत. आज तो भाग अफगाणिस्तानात येतो. तिथून हिंदुकुश ओलांडून, सिंधू आणि नर्मदा मागे टाकून तो दगड या डोंगरकपारीत आला.

१३/
याच दगडाची एक जुनी नोंद खुद्द दारयवहूची आहे. सुसा येथील राजवाड्यासाठी कोणती वस्तू कोठून आली, याची यादी त्याने लिहवून ठेवली : हस्तिदंत कुश, सिंध आणि अराखोशिया येथून, सोने सार्डिस आणि बाख्त्रिया येथून, आणि लाजवर्द सुग्द प्रांतातून. सुसाच्या राजवाड्यात जडवलेला आणि त्यानंतर जवळजवळ साडेनऊशे वर्षांनी अजिंठ्याच्या भिंतीवर चढलेला निळा दगड एकाच डोंगराळ मुलखातला. पहिल्या वेळी तो सम्राटाच्या हुकमाने आला. दुसऱ्या वेळी दाम मोजून आला.

१४/
इथे काळाची एक गुंतागुंत ध्यानात घ्यावी लागते. अजिंठा रंगत होते तेव्हा इराणात सासानी घराणे (इ.स. २२४–६५१) होते आणि गादीवर होता पेरोझ (४५९–४८४). पण पूर्वेकडील बाख्त्रिया, आजचा उत्तर अफगाणिस्तान, त्याच्या हातून निसटत होता. आधी किदारी आणि मग हेफ्थलाइट या टोळ्यांशी त्याच्या लढाया झाल्या. ४८४ मध्ये हेफ्थलाइटांशी लढतानाच तो मारला गेला. म्हणजे अजिंठ्याचा निळा रंग ज्या टापूतून येत होता, तिथे त्या वर्षांत इराणच्या राजाची सत्ता नाममात्र होती किंवा नव्हतीच. व्यापार तरीही चालू राहिला.

१५/
म्हणूनच ‘हे परदेशी इराणीच’ हे विधानही सावधपणे करायला हवे. टोकदार टोपी, लांब अंगरखा, घट्ट तुमान, पट्टेदार मोजे, राखलेली दाढी हा वेष सासानी दरबाराच्या प्रभावाखालच्या फार मोठ्या पट्ट्यात चालत असे. तो घालणारा माणूस फार्स प्रांताचा असू शकतो, मेसोपोटेमियाचा असू शकतो, समरकंदचा सुग्दी सावकार असू शकतो किंवा बाख्त्रियाचा घोडेव्यापारी. आजच्या भाषेत सांगायचे तर तो इराणी, इराकी, उझबेक, ताजिक किंवा अफगाण यांपैकी कोणीही. चित्रकाराने ‘दूरच्या पश्चिमेचा माणूस’ असा एक नमुना रंगवला. त्याचे पारपत्र तपासले नाही.

१६/
असाच नमुना संस्कृत काव्यातही आहे. रघुवंशात कालिदासाचा रघू अपरांत जिंकून खुश्कीच्या मार्गाने पारसीकांवर चालून जातो. तिथे दाढ्या असलेली मस्तके आहेत, द्राक्षवेली आहेत, मद्य आहे. अजिंठ्याच्या छतावरही दाढी आणि मद्याचा पेला आहे. कवीने त्या माणसाला रणांगणावर पाडले, चित्रकाराने त्याला छतावर मजेत बसवले. दोघांच्याही मनात पारसीकाची ओळख पटवणाऱ्या खुणा त्याच होत्या. या खुणांवरून एखाद्या विशिष्ट राजाचे नाव काढणे म्हणजे नाटकातल्या ‘प्रधानजीं’चे गाव शोधण्यासारखे आहे.

१७/
तो माणूस इथवर आला तो मुख्यतः समुद्रावरून. सहाव्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस याने पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘कल्लियाना’ बंदराचे वर्णन केले. ते म्हणजे आजचे कल्याण, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तिथून पितळ आणि कापड बाहेर जाई, आणि तिथल्या ख्रिस्ती समाजाचा बिशप इराणातून नेमला जाई, असे तो सांगतो. त्याच शतकात बायझंटाइन सम्राट जस्टिनियनने इथिओपियाच्या लोकांना भारताकडून रेशीम घ्यायला सुचवले. ते जमले नाही, कारण बंदरांवर इराणी व्यापारी आधीच हजर असत आणि सगळा माल उचलत, असे इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. हा वचक तलवारीचा नव्हता. हुंडीचा आणि ओळखीचा होता.

१८/
पुढची नोंद मुंबईजवळच्या कान्हेरीची. तिथल्या एका बौद्ध लेण्यात इ.स. १००९ आणि १०२१ मधले पहलवी लिपीतले लेख आहेत. लेणी पाहायला आलेल्या जरथुश्त्री मंडळींनी तिथे आपली नावे कोरून ठेवली. सासानी साम्राज्य संपून साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली होती. ज्या देशाची ती लिपी, तिथेच ती मागे पडत चालली होती. कोकणातल्या बौद्ध विहाराच्या दगडावर ती शाबूत राहिली.

१९/
त्यानंतरची फारसी तर घरोघरची. बहामनी, निजामशाही आणि आदिलशाही यांच्या दप्तरांतून ती मराठीत इतकी मुरली की, शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. तरीही पेशवा, सरदार, जमीन, शहर, बाजार, दरवाजा हे शब्द मराठीतून हलले नाहीत. तेही इराणच्या कोणा राजाच्या फौजेने आणले नव्हते. दख्खनच्या सुलतानांनी फारसी ही कारभाराची भाषा म्हणून स्वीकारली होती.

२०/
आता मूळ गोष्टीकडे. ती इतकी टिकली का? कारण तिच्यात मान आहे. दूरच्या बादशहाने आपल्या राजाला नजराणा पाठवला, हे ऐकायला कोणाला आवडणार नाही? पण असे चित्र काढण्याची रीत इराणचीही होती. पर्सिपोलिसच्या अपदाना सभागृहाच्या जिन्यावर २३ शिष्टमंडळे सम्राटासाठी भेटी घेऊन निघालेली कोरली आहेत. त्यांत सिंधूकाठचे भारतीयही आहेत : उघड्या अंगाचे, कमरेला वस्त्र, खांद्यावर कावड. तिथे भारतीय भेट आणतो आणि अजिंठ्यात पश्चिमेचा माणूस. सिंहासनावर बसलेल्याच्या बाजूने काढलेल्या चित्रांत सारे जग त्याच्याकडेच चालत येते. हिंदुशच्या बाबतीत त्यामागे खरोखरची खंडणी होती; अजिंठ्यात एक बौद्ध कथा आहे. दोन्ही चित्रे सारखी दिसतात, म्हणूनच केवळ चित्रावरून राजकीय इतिहास लिहिता येत नाही.

२१/
यावर एक आक्षेप घेतला जाईल : गोष्ट चुकीची असली तरी तिने पाहणाऱ्याला पुलकेशीची आठवण होते, मग बिघडले कोठे? बिघडते ते असे. पुलकेशीला उसन्या चित्राची गरज नाही. इ.स. ६३४–३५ चा ऐहोळेचा शिलालेख आहे. त्यात रविकीर्तीने हर्षाच्या पराभवाचा आणि नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रांचा उल्लेख केला आहे. तबरीची नोंदही जागेवर आहे. त्याउलट ही गोष्ट सांगितली की हरिषेण झाकला जातो, वराहदेव झाकला जातो, आणि ज्यांनी ही चित्रे काढवून घेतली त्या वाकाटकांच्या पदरचे श्रेय परस्पर दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. विदर्भाने आणि मराठवाड्याने तरी हा व्यवहार निमूट मान्य करू नये.

२२/
दुसरे नुकसान आजच्या जगाच्या समजुतीचे आहे. ‘पर्शिया’ म्हटले की आजचा इराण डोळ्यांसमोर येतो. त्या देशाला ‘इराण’ म्हणावे अशी विनंती रझा शाहच्या सरकारने परदेशांना केली ती १९३५ मध्ये. पण ‘एरानशहर’ हे सासान्यांच्या राज्याचे नाव कितीतरी जुने आणि त्याचा विस्तार वेगळा. खुस्रोची राजधानी टेसिफॉन आज इराकमध्ये, बगदादजवळ आहे. लाजवर्दची खाण अफगाणिस्तानात, सुग्दांचे समरकंद उझबेकिस्तानात. तो वारसा एका राष्ट्राच्या नावावर चढवता येत नाही, तसा तो एका राष्ट्राकडून हिरावूनही घेता येत नाही. युद्धाच्या बातम्यांतून ज्या देशांची नावे आज ऐकू येतात, त्यांतल्या निम्म्यांशी महाराष्ट्राची ओळख अशी दगडा-रंगांतून झालेली आहे.

२३/
त्यासाठी फार काही करावे लागत नाही. लेणे क्रमांक १ मधील त्या भिंतीजवळ आणि शाळेच्या पुस्तकांत चार ओळी पुरेत : हे चित्र पाचव्या शतकातले, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले आहे, प्रसंग चक्रवर्ती महासुदर्शनाच्या कथेतला असावा, परदेशी लोकांचा वेष सासानी प्रभावाखालील पश्चिम व मध्य आशियाचा आहे, अजिंठ्याच्या चित्रांतला लाजवर्दी निळा बदख्शानचा आहे. वाटाड्याने पुलकेशीचे नाव घ्यायचेच असेल, तर एका जुन्या तर्काचा इतिहास म्हणून जरूर घ्यावे.

२४/
छतावर अशी चार चित्रे होती. त्यांतले एक नाहीसे झाले आहे. उरलेल्यांचेही पोपडे सुटले आहेत आणि रंग उडाले आहेत. जी भिंत झिजत चालली आहे, तिच्यावर खरोखर काय काढलेले आहे, हे ती शाबूत असतानाच बरोबर सांगितले गेले पाहिजे.